‘पगार किती गो तुला?’ : प्रमोशन, वर्षश्राद्ध आणि भावकी

लोकलमध्ये उभे असाल, ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, नाहीतर घरी भांडी घासता घासता कानात हेडफोन असतील, सगळ्यांचं स्वागत. आणि जे ऐकत नाहीत, निवांत वाचतात, त्यांच्यासाठी हे नेहमीसारखं लेखी रूप.

आजच्या विषयाची जोडी जरा विचित्र आहे. एका बाजूला नोकरीतले टप्पे. पहिला पगार, प्रोबेशन संपणं, हातात कन्फर्मेशनचं पत्र येणं, पाच वर्षं पूर्ण होणं, कुणाच्या तरी हाताखालून निघून चार माणसं आपल्या हाताखाली येणं. आणि दुसऱ्या बाजूला वर्षश्राद्ध. म्हणजे घरातलं माणूस जाऊन वर्ष झालं की सगळी भावकी, पाहुणेरावळे, लांबचे-जवळचे, एका अंगणात जमतात तो दिवस.

आता तुम्ही म्हणाल, यांचा संबंध काय? संबंध तुम्हाला चांगला माहीत आहे. अशा कार्याला गेलात की पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येतो ना? ‘सध्या कुठं असतोस? काय करतेस? परमनंट का? पगार किती?’ आपण कसंनुसं हसतो, ‘चाललंय बरं’ म्हणतो आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत सटकतो.

मला आज या प्रश्नाबद्दल बोलायचंय. मैलाचा दगड आठवा. ‘मुंबई ३०० किमी’ असं लिहिलेलं असतं त्यावर. म्हणजे दगडाला अर्थ येतो तो दुसऱ्या टोकाला एक ठिकाण असतं म्हणून. नोकरीतल्या टप्प्याचंही तसंच आहे. आपण किती पुढे आलो हे कळायला आपण कुठून निघालो हे माहीत असलेली माणसं लागतात. ऑफिसमध्ये ती नसतात. ती असतात भावकीत. आणि सगळी भावकी एकत्र सापडते ती लग्नात आणि अशा कार्यात. लग्नात बोलायला कुणाला वेळ नसतो, हे तुम्हाला सांगायला नको.

आमच्या घरचं वैशाखातलं कार्य

आता माझं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी पगार काढते. म्हणजे लोकांचे. पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत पेरोलमध्ये आहे. दर महिन्याला शेकडो माणसांचे पगार, पीएफ, टॅक्स, आणि कुणी नोकरी सोडली की त्याचा शेवटचा हिशोब, हे माझं काम. या वर्षी एप्रिलमध्ये मला तिथे पाच वर्षं झाली आणि त्याच महिन्यात टीम लीड केलं.

पाच वर्षांचा आकडा नुसता केक कापण्यापुरता नसतो, हे पेरोलवाल्यांना माहीत असतं. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षं सलग नोकरीची अट घातली. हिशोब ढोबळ असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. मूळ पगार तीस हजार असेल तर पाच वर्षांचे साधारण साडेशहाऐंशी हजार होतात. फार मोठी रक्कम नाही. पण ‘इथे तू इतकी वर्षं होतीस’ असं कायदा मान्य करतो, ही गोष्ट मला आवडते. आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या लोकांसाठी ही अट एका वर्षावर आणली आहे. तुम्ही तशा करारावर असाल तर आपलं नेमणूकपत्र एकदा काढून नीट वाचा.

तर, ऑफिसात केक झाला, फोटो झाले, लिंक्डइनवर अभिनंदनाचे मेसेज आले. त्यातल्या निम्म्या लोकांना मी कधी भेटलेलीही नाही. आणि मे महिन्यात आजोबांचं वर्षश्राद्ध आलं. तिथी वैशाखातली. तिथी काही एचआरचं कॅलेंडर बघून येत नाही, त्यामुळे ते आलं बुधवारी. माणूस गेल्यावर मिळणारी वेगळी रजा वर्षश्राद्धाला लागू होत नाही. दोन सीएल टाकल्या, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव.

अंगणात मांडव होता. सकाळी विधी झाले, कावळ्यासाठी वाडी ठेवली, मग पंगती. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भात, खीर. डोंबिवलीची आत्या होती, नालासोपाऱ्याचे काका होते, चिपळूणचे मामेभाऊ होते. आणि एक रिक्षा येऊन थांबली, त्यातून धाकटी आजी उतरली. पडवीतलं बोलणं एकदम बंद झालं.

का बंद झालं?

धाकटी आजी म्हणजे माझ्या आजोबांच्या चुलत भावाची बायको. त्या धाकट्या आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. ही दोन घरं एकाच वाडीत, मध्ये फक्त फणसाचं झाड. पण माझ्या आठवणीत या दोन घरांतली माणसं कधी एका पंगतीला बसली नव्हती. लग्नाची पत्रिका जायची, माणूस जायचं नाही. लहानपणी विचारलं की उत्तर एकच: ‘संपातलं आहे ते.’

कुठला संप, ते तुमच्यातल्या गिरणगावच्या मुलांना सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत नेते होते. साठाहून जास्त गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. कुणी काही महिन्यांनी कामावर परत गेलं, कुणी गावी आलं, कित्येकांना कायमचं घरी बसावं लागलं.

माझे आजोबा आणि धाकटे आजोबा दोघंही लालबागला एकाच गिरणीत होते. राहायलाही एकत्रच. कोकणातल्या बऱ्याच गावांची तेव्हा मुंबईत गावकीची खोली असायची. एका खोलीत गावची वीस-पंचवीस माणसं. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची सुरू, त्यामुळे एकाच जागेवर आळीपाळीने झोपायचं. जेवण खानावळीत. संप लागला तेव्हा दोघंही बाहेर पडले. वर्षभर थांबले. मग १९८३ मध्ये धाकटे आजोबा परत आत गेले. आजोबा गेले नाहीत. ते गावी आले, भातशेती केली आणि पुन्हा कधी मुंबईत कामाला गेले नाहीत. आमच्या घरात गोष्ट एवढीच सांगितली जायची: आम्ही थांबलो, ते फुटले.

धाकट्या आजीची बाजू

दुपारी पंगती उठल्यावर पडवीत बायका बसल्या होत्या. धाकटी आजी माझ्याकडे वळली आणि अपेक्षेप्रमाणे तोच प्रश्न आला. ‘पगार किती गो तुला?’

मी सटकणार होते. पण तिने पुढे विचारलं, ‘कायम झालीस काय?’ मग मात्र मी थांबले. कारण ‘कन्फर्म’ होणं ही आमच्याकडे सहा महिन्यांची फॉर्मॅलिटी असते. एक ईमेल येतो, संपलं. तिच्या तोंडचा ‘कायम’ हा शब्द वेगळाच होता.

मी म्हटलं, ‘झाले आजी, पाच वर्षं झाली.’ तर ती म्हणाली, ‘पाच? आमचे सहा वर्षं बदलीवर होते.’

बदली म्हणजे काय, ते तिने मला समजावलं. गिरणीत कायम कामगार असायचे आणि बदली कामगार असायचे. बदलीवाल्याने पाळी सुरू होण्याआधी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं. कायम माणूस आला नाही, तर त्याच्या जागी बदलीवाल्याला काम. सगळे आले, तर खोलीवर परत. त्या दिवसाचा पगार नाही. खानावळीचं बिल मात्र चढायचं. असे दिवस भरत भरत एक दिवस माणूस कायम व्हायचा. आज आपण मोबाईलवर ‘आज शिफ्ट आहे का’ बघतो ना, तसंच. फक्त तेव्हा ते पहाटे उठून दारात उभं राहून बघायला लागायचं.

आणि मग तिने सांगितलं ते माझ्या बाबांनाही माहीत नव्हतं. आजोबा आधी कायम झाले होते. एका वर्षी ते मे महिन्यात गावी आले आणि लावणी संपेपर्यंत थांबले. मुकादमाला आधीच सांगून आले होते की माझ्या जागी याला घ्या. स्वतःचा तितक्या दिवसांचा पगार सोडला. ‘त्या पावसाळ्यात आमच्या माणसाचे दिवस भरले,’ ती म्हणाली. ‘पुढल्या वर्षी कायम झाले. पेढे आधी तुझ्या आज्याच्या हातावर ठेवले होते.’

पडवीत कुणी काही बोललं नाही. बाबा दारात उभे होते, ते ऐकत होते.

मग तिने दुसरा भाग सांगितला. १९८३ मध्ये तिची मोठी मुलगी आजारी होती, औषधाला पैसे नव्हते, तिच्या अंगावरचं सगळं गहाण पडलं होतं. ‘मीच म्हटलं, जा आत. ते जात नव्हते. मी पाठवलं.’ इतकी वर्षं दोन्ही घरांत जो माणूस फुटला असं बोललं गेलं, त्याला आत पाठवणारी बाई आमच्या पडवीत बसून, आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, हे सांगत होती.

आता मला त्या संपाचा निवाडा करायचा नाही. आजोबांचा राग खरा होता. ज्याच्यासाठी आपण एक पावसाळा बिनपगारी काढला, तोच आपल्या आधी आत गेला, हे त्यांना लागलं असणार. आणि धाकट्या आजीची गरजही खरी होती. पण एक गंमत बघा. पुढे गिरणी कामगारांना म्हाडाची घरं द्यायचं ठरलं, तेव्हा पात्रतेची तारीख ठेवली १ जानेवारी १९८२. त्या दिवशी किंवा त्यानंतर जो पटावर होता, तो पात्र. परत आत गेलास का, बाहेर राहिलास, हे कुणी विचारत नाही. सरकारच्या कागदावर दोघंही भाऊ एकाच रांगेत आहेत. रांगा वेगळ्या झाल्या त्या आमच्या जेवणाच्या.

दादाचे भरलेले दिवस

धाकट्या आजीला सोडायला तिचा नातू आला होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून दादा. आम्ही दोघं लहानपणी फणसाच्या झाडाखाली दोन बाजूंनी एकमेकांकडे बघायचो, एवढीच ओळख. तो चाकणला एमआयडीसीत कामाला होता. ठेकेदारामार्फत. कंपनी तीच, मशीन तेच, पण ठेकेदार बदलला की नवीन कार्ड, नवीन जॉइनिंग डेट. असे तीन ठेकेदार झाले. शेवटचं काम मार्चमध्ये सुटलं होतं.

चहा घेताना तो सहज म्हणाला, ‘पीएफचे पैसे काढून टाकणारेय. दोन वर्षं पाच महिन्यांचेच तर आहेत.’

मी विचारलं, आधीचे? तर आधीचे दोन ठेकेदार, त्यांचे पीएफ वेगळे. एकाकडे चार वर्षं दोन महिने. दुसऱ्याकडे तीन वर्षं. मधल्या ठेकेदाराने जुना यूएएन न घेता नवीनच काढला होता, त्यामुळे त्याला वाटत होतं की ते पैसे गेले.

आता हे माझं रोजचं काम आहे. मी कागद घेतला, तिथेच पडवीत बेरीज केली. चार वर्षं दोन महिने, अधिक तीन वर्षं, अधिक दोन वर्षं पाच महिने. नऊ वर्षं सात महिने.

हे का महत्त्वाचं, ते नीट ऐका, कारण तुमच्यातले बरेच जण नोकऱ्या बदलत आला आहात. पीएफमध्ये कंपनीचा जो वाटा जातो, त्यातला एक भाग ईपीएस म्हणजे पेन्शन योजनेत जातो. पेन्शनचा हक्क मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. ही सेवा एकाच कंपनीत असायची गरज नाही. पैसे न काढता खातं पुढे ट्रान्सफर केलं तर सगळीकडची सेवा जोडली जाते. आणि सहा महिने किंवा त्याहून जास्त झाले तर ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षांची सेवा दहा मानली जाते. पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षापासून सुरू होते. सूत्र असं आहे: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले सत्तर. पंधरा हजार पगार धरला तर दहा वर्षांचे महिन्याला दोन हजारांच्या थोडे वर. त्यात घर चालत नाही, मान्य. पण पुढे नोकरी केली की ती वर्षं त्यात वाढत जातात. आणि एका खात्याचे तुकडे करून काढून घेतले की तेवढे भरलेले दिवस पुसले जातात.

मी दादाला म्हटलं, ‘काढू नकोस. आधी तिन्ही एका यूएएनखाली आण. तुझे दिवस भरलेत.’

‘दिवस भरलेत’ हे शब्द माझ्या तोंडून निघाले आणि धाकटी आजी हसली. तिला पीएफ कळत नाही, पण ते वाक्य कळलं.

दादा लगेच काही ‘हो’ म्हणाला नाही. पैशाची नड होतीच, आणि आमच्या घराकडून आलेल्या सल्ल्यावर विश्वास ठेवायची त्याला सवय नव्हती. ‘बघू’ म्हणाला. दोन आठवड्यांनी रात्री त्याचा व्हॉट्सॲप आला. तीन पासबुकांच्या पीडीएफ, आणि खाली ‘यातलं कुठलं आधी?’ आम्ही अजून ते काम करतोय. एका यूएएनमध्ये त्याच्या नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, त्याची दुरुस्ती अडकलीय. होईल.

मग ‘पगार किती’ला काय उत्तर द्यायचं?

मला वाटतं, हा प्रश्न विचारणाऱ्यांत दोन प्रकार असतात. एक, ज्याला आकडा हवा असतो, म्हणजे आपल्या मुलाच्या आकड्याशी ताडून बघता येतो. त्याला ‘चाललंय बरं’ पुरेसं आहे. दुसरा प्रकार धाकट्या आजीचा. तिला माझा पगार ऐकून काहीच कळणार नव्हतं. तिला विचारायचं होतं की तुला दारात उभं राहावं लागत नाही ना. तिच्याकडे त्यासाठी दुसरे शब्द नव्हते.

म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हातारं माणूस ‘परमनंट का?’ म्हणालं, तर उत्तर द्या आणि उलट विचारा, ‘तुमच्या वेळी कसं होतं? तुम्ही कायम कधी झालात?’ एवढ्या एका प्रश्नावर मला आमच्या घरात चाळीस वर्षं न सांगितलेली गोष्ट मिळाली. आजोबा असताना ती मिळाली नसती. ते स्वतः कधी बोलले नसते, आणि धाकटी आजी त्यांच्यासमोर अंगणात पाऊल टाकणार नव्हती. माणूस गेल्यानंतरच काही दारं उघडतात, याचं वाईट वाटतं. पण वर्षश्राद्ध ठेवलंय म्हणून निदान ती उघडतात तरी.

जाता जाता तीन कामं सांगते. पुढचं वर्षश्राद्ध, तेरावं, पूजा, काहीही असो, तिथे जाण्याआधी करा.

एक. घरातल्या जुन्या कामगार माणसाचे कागद शोधा. गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, पगाराची पावती, पीएफची चिठ्ठी, काहीही. फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. हक्क मागायला कागद लागतो, आणि गोष्ट विचारायलाही कागद फार उपयोगी पडतो. तो हातात दिला की माणसं आपोआप बोलायला लागतात.

दोन. भावकीत जो कंत्राटावर आहे, ठेकेदाराकडे आहे, त्याला त्याच्या पीएफचं विचारा. उमंग ॲपवर पासबुक दिसतं. त्याचे किती यूएएन आहेत ते बघा. नियम बदलत असतात, त्यामुळे पैसे काढायच्या किंवा ट्रान्सफर करायच्या आधी ईपीएफओच्या साइटवर आत्ताचा नियम वाचा.

तीन. ज्या घराशी बोलणं बंद आहे, त्या घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला भेटा. भांडण पुरुषांचं म्हणून सांगितलं जातं, पण त्या दिवशी घरात काय शिजलं होतं आणि काय गहाण पडलं होतं, ते तिला माहीत असतं.

तुमच्या घरात असं ‘संपातलं’, ‘वाटणीतलं’, ‘लग्नातलं’ काही अडकलेलं असेल आणि ते कुठल्या कार्यात सुटलं असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. नावं सांगू नका, गोष्ट सांगा. आणि तुमच्या त्या ठेकेदारावरच्या भावाला हा एपिसोड आजच फॉरवर्ड करा, त्याने पीएफ काढायच्या आत. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.